सरावाचा पेशंट

धुळ्याच्या मेडिकल कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
मी दिवसाला चोवीस वेळा आजारी पडतो.
पाचशे रुपये, चहा दोनदा, दुपारी शेवभाजी.
नाव दिलंय रामदास, वय एकोणसाठ,
पोटात जळजळ, झोप नाही,
आणि बायको वारून दोन महिने.
हे शेवटचं आपणहून सांगायचं नाही.
विचारलं तरच.

खरा मी सुपडू देवचंद माळी,
साक्री डेपोचा रिटायर कंडक्टर.
नाटकात कधी उभा राहिलो नाही.
चौबळ मॅडम म्हणाल्या, चालेल,
तुम्हाला बघून कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतं.
पाहिलंच असेल. अर्ध्या जिल्ह्यानं पाहिलंय.

पोरं येतात. पांढरे कोट, घडी अजून मोडलेली नाही.
सात मिनिटं. घंटी.
मग कागद माझ्याकडे:
डोळ्यांत पाहून बोलला का. हो, नाही.
बोलणं मध्येच तोडलं का.
दुःखाची दखल शब्दांत घेतली का.
खाली एक ते सात आकडे,
सहानुभूती किती, गोल करा.
(मॅडम म्हणतात सहानुभूती नाही काका, समानुभूती.
मी दोन्हीला गोलच करतो.)

"ऐकून वाईट वाटलं," पोरं म्हणतात,
आणि शिकवल्याप्रमाणे दोन सेकंद थांबतात.
त्यांची काय चूक.
एक लोढा नावाची मुलगी
बरोब्बर तिसऱ्या मिनिटाला खांद्यावर हात ठेवून गेली,
पाठ केलेला हात, मला कळत होतं,
तरी माझा घसा भरला.
तिला सात दिले. कमावले होते तिनं.

एकतीस वर्षं मी माणसं मोजलीत.
दहिवेलला बाई चढायची, मांडीवर हे एवढं पोरगं,
त्याचे गुडघे पदराखाली दाबत म्हणायची,
बारा नाही झाले अजून.
पोराच्या ओठावर मिसरूड.
कधी मी हाफ फाडलं, कधी फुल.
असं का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.
पुढं कोंडाईबारीला चेकर चढला
की फरक खिशातून भरायचा.

सतरावा आला तेव्हा कूलर बंद पडला होता.
धडगावकडचा, वसावे.
चिठ्ठीकडे बघत होता, मग फरशीकडे.
पोटाचं विचारलं. झोपेचं विचारलं.
घरी कोण कोण?
मी सांगितलं, बायको गेली.
वाईट वाटलं म्हणायला तो विसरला.
बराच वेळ गेला.
म्हणाला, "मग भाकरी कोण करतं?"

माझ्या कागदावर याचं उत्तर दिलेलं नव्हतं.
मी गप्प. तोही गप्प.
घंटी वाजली, तो उठला,
खुर्ची आवाज न करता आत सारली, गेला.

डोळ्यांत पाहिलं? नाही.
शब्दांत दखल? नाही.
मॅडम दारातून, रिकामं सोडू नका,
कॉम्प्युटर घेत नाही.
सातचं हाफ होत नाही.
मी तीन केले, खोडले, चार केले.
खाडाखोड चालत नाही म्हणून नवा कागद आला,
त्यावरही चारच.
गाडीत चेकर नव्हता, तरी.

संध्याकाळी देवपुरात घरी आलो.
देवका चुलीपाशी नाही, आता गॅसपाशी,
परातीत कळण्याचं पीठ.
"आज कितला डाव मारी टाकं माले?"
चोवीस, मी म्हटलं.
ती हसली. पैसे डब्यात ठेवले.

मी पाट ओढून तिच्याजवळ बसलो.
विचारलं, यात पाणी किती घालायचं असतं?
ती थांबली. उलट्या हातानं
माझं कपाळ गरम आहे का पाहिलं,
भुवईला पीठ लागलं.
"मापबीप नई ऱ्हास," म्हणाली, "हातले समजस."

मी म्हटलं, तरी, साधारण?